क्वर्टीचा बाप : ख्रिस्तोफर लॅथम शोल्स

आपल्या कॉलेजात ब्रँच कुठलीही असो, सिव्हिल असो की कॉम्प्युटर, एका वस्तूला आपण सगळेच दिवसातून हजारो वेळा हात लावतो. ती म्हणजे की-बोर्ड. फर्स्ट इयरला सी लँग्वेजच्या पहिल्या प्रॅक्टिकलला बसलेल्या मुलाला पहिली अडचण येते ती पॉइंटरची नसते. ए इथे, बी तिथे, सी आणखी तिसरीकडे, ही अक्षरं अशी विखरून ठेवली कोणी आणि का, हीच त्याची पहिली अडचण असते! पुढे बोटांना सवय होते आणि प्रश्न विसरला जातो.

या प्रश्नाच्या उत्तरामागे एक माणूस आहे. विजेचा दिवा म्हटला की एडिसन, टेलिफोन म्हटला की बेल, तसा टाइपरायटर म्हटला की ख्रिस्तोफर लॅथम शोल्स. तो जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. इंजिनिअर म्हणून त्याच्या आयुष्यात आपल्याला दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, त्याने आपलं यंत्र दुसऱ्यांना मोडायला दिलं आणि म्हणूनच ते चांगलं झालं. दुसरी, एकदा लोकांच्या बोटांना सवय लागली की खुद्द शोध लावणाऱ्यालाही ती बदलता येत नाही.

छापखान्यातला मुलगा

शोल्सचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ रोजी, म्हणजे चक्क व्हॅलेंटाईन डेला, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मूर्सबर्ग या छोट्या गावी झाला. इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे काही नाही. शाळा संपल्यावर तो एका छापखान्यात उमेदवारीला लागला. त्या काळी छपाई म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून हाताने उचलायचे, उलटे वाचायचे आणि ओळीत जुळवायचे. एक पान तयार व्हायला किती वेळ लागत असेल याची कल्पना करा! अक्षर म्हणजे धातूचा एक तुकडा, तो कागदावर आपटला की ठसा उमटतो, हे शोल्सच्या डोक्यात तेव्हापासूनच पक्कं बसलं असणार.

१८३७ मध्ये भावांच्या पाठोपाठ तो विस्कॉन्सिनला गेला. विस्कॉन्सिनला तेव्हा राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता. तिथे त्याने वर्तमानपत्रं काढली, संपादक झाला. १८४१ मध्ये त्याचं लग्न झालं आणि पुढे घरात दहा मुलं! म्हणजे पैशाची ओढाताण किती असेल ते वेगळं सांगायला नको.

१८४८ मध्ये विस्कॉन्सिन राज्य झाल्यावर शोल्स राजकारणात शिरला आणि पुढच्या काही वर्षांत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बसला. टाइपरायटरच्या गडबडीत लोक त्याचं एक मोठं काम विसरतात. १८५१ मध्ये केनोशा गावात जॉन मॅकॅफरी नावाच्या माणसाला भर गर्दीसमोर फाशी दिली गेली. फास लागल्यावरही बराच वेळ तो तडफडत होता. शोल्स त्याच गावात वर्तमानपत्र चालवत होता. त्याने या शिक्षेविरुद्ध लेखणी उचलली आणि विधिमंडळातही लढा दिला. १८५३ मध्ये विस्कॉन्सिनने फाशीची शिक्षा रद्द केली, आणि त्या राज्यात ती पुन्हा कधी आली नाही. नुसतं एवढंच काम करून तो वारला असता तरी त्याचं आयुष्य वाया गेलं असं कोणी म्हणालं नसतं.

पण तो थांबणारा नव्हता. पुढे तो मिलवॉकी शहरात आला. तिथेही संपादकी केली आणि लिंकनच्या काळात बंदराच्या जकातीचा अधिकारी झाला. नोकरी बऱ्यापैकी, डोक्यात मात्र सतत काहीतरी यंत्र फिरत असायचं.

पानांच्या आकड्यांपासून अक्षरांपर्यंत

मिलवॉकीमध्ये क्लाइनस्टॉयबर नावाच्या माणसाचं एक वर्कशॉप होतं. गावातले सगळे हौशी संशोधक तिथे जमायचे. आपल्या हॉस्टेलमध्ये एखाद्या रूमवर जसे सगळे प्रोजेक्टवाले जमतात तसंच काहीसं! शोल्स आणि त्याचा छापखान्यातला मित्र सॅम्युएल सूल यांनी तिथे पावत्या आणि पुस्तकांच्या पानांवर ओळीने आकडे छापणारं यंत्र बनवलं. १८६६ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचं पेटंट मिळालं. कंटाळवाणं, तेच तेच काम हाताने का करायचं, एवढीच त्यामागची कल्पना.

त्याच वर्कशॉपमध्ये कार्लोस ग्लिडन नावाचा एक वकील येत असे. तो शेतीसाठी यांत्रिक नांगर बनवण्याच्या खटपटीत होता. आकड्यांचं यंत्र पाहून त्याने शोल्सला साधाच प्रश्न विचारला, की जे यंत्र आकडे छापतं ते अक्षरं का नाही छापणार? शोल्सच्या डोक्यात हा प्रश्न घर करून बसला. १८६७ च्या जुलैमध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकात जॉन प्रॅट याच्या लिहिणाऱ्या यंत्रावर एक लेख आला. तो वाचून शोल्सची खात्री पटली की हे होण्यासारखं आहे, आणि आपण ते याहून सोपं करू शकतो.

त्याचा पहिला नमुना म्हणजे आपल्या भाषेत प्रूफ ऑफ कन्सेप्ट. तारायंत्राची एक जुनी किल्ली घेतली, तिच्या टोकाला एकाच अक्षराचा खिळा बसवला. ते अक्षर होतं डब्ल्यू. वर काच, काचेखाली कागद आणि कार्बन. किल्ली दाबली की खिळा खालून वर उडायचा आणि कागदावर डब्ल्यू उमटायचा. बस्स, इतकंच. संपूर्ण यंत्रात एकच अक्षर! पण एक जमलं की बाकीचे पंचवीस जमणार, हे कळायला तेवढं पुरेसं होतं.

मग शोल्स, सूल आणि ग्लिडन कामाला लागले. मदतीला मॅथायस श्वालबाख हा घड्याळांचं काम जाणणारा कारागीर होता. प्रत्येक अक्षराला एक दांडी, सगळ्या दांड्या टोपलीसारख्या गोलात टांगलेल्या, आणि प्रत्येक दांडी उडाली की गोलाच्या बरोबर मधल्या बिंदूवर आपटणार. अक्षर उमटलं की कॅरेज एक घर पुढे सरकणार. घड्याळात दातेरी चाक जसं एकेक दात सोडतं तसंच. २३ जून १८६८ रोजी या तिघांना पेटंट मिळालं. त्यातला की-बोर्ड पियानोसारखा होता, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, आणि अक्षरं सरळ ए, बी, सी, डी अशा क्रमाने लावलेली.

म्हणजे सुरुवात अगदी आपल्या मनासारखीच झाली होती! मग बिघडलं कुठे?

यंत्र मोडणारे मित्र

शोल्सने आपल्या यंत्रावर टाइप केलेली पत्रं ओळखीच्यांना पाठवली होती. त्यातलं एक जेम्स डेन्समोर याच्याकडे गेलं. पूर्वीचा वर्तमानपत्रवाला, आता तेलाच्या धंद्यात, बोलायला फटकळ. पत्र पाहूनच तो इतका खूष झाला की यंत्र न बघताच, आतापर्यंतचा सगळा खर्च देऊन त्याने भागीदारी विकत घेतली. मग प्रत्यक्ष यंत्र बघायला आला, आणि ते काही कामाचं नाही असं त्याने तोंडावर सांगून टाकलं. कल्पना चांगली, बाकी सगळं नव्याने करा! पुढे सूल आणि ग्लिडन हळूहळू बाजूला झाले. शोल्स मात्र राहिला.

आता खरी मजा सुरू झाली. डेन्समोरच्या आग्रहाने यंत्रं बाहेरच्या लोकांना वापरायला दिली गेली. चार्ल्स वेलर हा तारायंत्र चालवणारा तरुण शोल्सचा मित्र होता, पुढे तो कोर्टात शॉर्टहँड रिपोर्टर झाला. सुरुवातीचं एक यंत्र त्याच्याकडे गेलं. दुसरा होता वॉशिंग्टनचा जेम्स क्लेफेन, तोही शॉर्टहँडवाला. हा माणूस म्हणजे टेस्टर लोकांचा आजोबाच म्हणायला हवा. त्याच्याकडे यंत्र पाठवलं की तो ते रोज तासन् तास बडवायचा, ते मोडेपर्यंत. मग कुठे काय मोडलं, कुठली दांडी अडकते, कुठलं अक्षर नीट उमटत नाही याची लांबलचक यादी परत पाठवायचा. नवं यंत्र गेलं की पुन्हा तेच.

शोल्स शेवटी माणूसच. तो वैतागला. रात्र रात्र जागून करायचं आणि कोणीतरी दूर बसून फक्त चुका काढायच्या? सबमिशनच्या आदल्या दिवशी गाईडने रिपोर्ट परत दिल्यावर आपल्याला काय वाटतं ते आठवा. शोल्सने सगळं सोडून द्यायची भाषा केली. तेव्हा फटकळ डेन्समोरनेच त्याला समजावलं, की असा मनापासून दोष काढणारा माणूस मिळणं हे आपलं भाग्य आहे. यंत्र आज याच्या हातून मोडलेलं बरं, उद्या पैसे देऊन घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातून मोडण्यापेक्षा.

शोल्सने ऐकलं, हा त्याचा मोठेपणा. पाच-सहा वर्षांत पंचवीस-तीस नमुने तयार झाले. प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा थोडा बरा. पियानोच्या पट्ट्या जाऊन गोल बटणं आली, दोन ओळींच्या चार ओळी झाल्या, आणि याच काळात अक्षरांनीही आपापल्या जागा सोडायला सुरुवात केली. गंमत म्हणजे हाच क्लेफेन पुढे छपाईचे खिळे आपोआप जुळवणाऱ्या यंत्राच्या मागे लागला. त्यातूनच मर्गनथालरच्या हातून लिनोटाइप जन्माला आलं.

अक्षरं विखुरली कशी

आता आपला मूळ प्रश्न. हॉस्टेलवर कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं, की टाइप करणाऱ्यांचा वेग मुद्दाम कमी करण्यासाठी अक्षरं अशी लावली. हे काही पटत नाही. शोल्स काम करत होता तेव्हा दहा बोटांनी, की-बोर्डकडे न बघता टाइप करणारं कोणी जगातच नव्हतं. तशा टायपिंगचा गाजावाजा झाला १८८८ मध्ये, सिनसिनाटी शहरातल्या एका स्पर्धेनंतर. जो वेगच नव्हता तो कमी कसा करणार?

जास्त पटणारी दोन मतं आहेत. पहिलं यंत्राचं. टोपलीतल्या दोन शेजारच्या दांड्या लागोपाठ उडाल्या तर वर जाताना एकमेकींत अडकतात. म्हणून इंग्रजीत लागोपाठ येणाऱ्या अक्षरांच्या दांड्या लांब ठेवायच्या. हेतू वेग कमी करण्याचा नव्हता, अडकणं टाळून वेग वाढवण्याचाच होता. दुसरं मत क्योटो विद्यापीठातल्या कोइची आणि मोतोको यासुओका या संशोधकांनी २०११ मध्ये मांडलं. त्यांचं म्हणणं, ही रचना तारायंत्रवाल्यांच्या सोयीने घडत गेली. अमेरिकन मोर्समध्ये झेडचा इशारा एस आणि ई या जोडीसारखा ऐकू यायचा. पुढचं अक्षर येईपर्यंत कुठलं बटण दाबायचं ते ठरत नसे, म्हणून एस हे झेड आणि ई या दोघांच्या जवळ हवं. आपल्या की-बोर्डवर बघा, एसच्या वर ई आणि खाली झेड जवळजवळच आहेत.

आणखी एक गोष्ट बघा. मधल्या ओळीत डी, एफ, जी, एच, जे, के, एल अशी अक्षरं आहेत. मधले ई आणि आय हे स्वर काढले तर ही सरळ बाराखडीच आहे! शोल्सच्या मूळच्या ए-बी-सी-डी रचनेचा तो उरलेला तुकडा. १८७४ च्या यंत्रात तर एलच्या शेजारीच एम होतं. म्हणजे क्वर्टी ही कोणी एका दिवशी बसून आखलेली गोष्ट नाही. दुरुस्तीवर दुरुस्ती होत ती घडत गेली. १८७२ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये छापलेल्या चित्रात ईनंतर आर नव्हतंच, तिथे पूर्णविराम होता. आरची जागा त्यानंतर बदलली.

बंदुकीच्या कारखान्यात

यंत्र जमलं, पण हजारोंनी बनवायचं कसं? न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावी रेमिंग्टन कंपनी होती. तिचा धंदा बंदुकांचा. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, बंदुकांची मागणी घटली, आणि कंपनी शिलाई मशीनसारख्या दुसऱ्या मालाच्या शोधात होती. १ मार्च १८७३ रोजी तिच्याशी करार झाला. शोल्सने आपला हक्क रोख रक्कम घेऊन सोडून दिला. हा आकडा १२,००० डॉलर असा सांगतात. डेन्समोरने मात्र विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे रॉयल्टी ठेवली आणि पुढे तो श्रीमंत झाला. दहा मुलांच्या बापाला हातात आलेले पैसे सोडवले नसतील, त्याला दोष तरी कसा द्यायचा?

१८७४ मध्ये शोल्स आणि ग्लिडन यांच्या नावाने यंत्र बाजारात आलं. किंमत १२५ डॉलर. शिलाई मशीन विभागातल्या लोकांनी ते बनवलेलं, त्यामुळे दिसायलाही शिलाई मशीनच. तसंच टेबल, अंगावर रंगीत फुलं, आणि कॅरेज मागे आणायला पायाचं पायडल! अक्षरं फक्त कॅपिटल. शिवाय दांड्या कागदाला खालून आदळायच्या, त्यामुळे आपण काय लिहिलं ते तीन-चार ओळी पुढे गेल्याशिवाय दिसायचंच नाही. मार्क ट्वेनने त्याच वर्षी एक विकत घेतलं, पण एकूण खप बेताचाच.

चित्र पालटलं १८७८ मध्ये, दुसऱ्या मॉडेलने. आता एका दांडीवर दोन अक्षरं होती, एक मोठं, एक लहान. एक खास बटण दाबलं की आख्खी कॅरेज जागेवरून सरकायची आणि दुसरं अक्षर उमटायचं. सरकवणारं बटण, म्हणून त्याचं नाव शिफ्ट. आज आपल्या लॅपटॉपमध्ये सरकणारं काही नाही, पण नाव तेच आहे. एका बटणाने दुसऱ्या बटणाचा अर्थ बदलायचा, ही सगळ्या की-बोर्ड शॉर्टकट्सची आजी इथे जन्मली. कंट्रोल आणि अल्ट या तिच्या नाती.

या यंत्राने ऑफिसांची दारं बायकांना उघडून दिली. शोल्सची मुलगी लिलियन हिचा १८७२ च्या सुमाराचा यंत्रावर बसलेला फोटो प्रसिद्ध आहे. १८८१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वाय.डब्ल्यू.सी.ए. या संस्थेने मुलींसाठी टायपिंगचे वर्ग काढले, आणि पुढच्या तीसेक वर्षांत बहुतेक टायपिस्ट स्त्रियाच होत्या. शोल्सला स्वतःला पैशांपेक्षा याचंच समाधान जास्त होतं.

शेवटची वर्षं

शोल्सला क्षयाने गाठलं. शेवटची बरीच वर्षं तो आजारीच होता, पण अंथरुणावरही त्याचं काम चालू होतं. अधिक हलकं, अधिक सोपं यंत्र, आणि अक्षरांची वेगळी रचना. होय, ज्याच्या नावावर क्वर्टी आहे त्याला स्वतःला ती शेवटची वाटत नव्हती! १७ फेब्रुवारी १८९० रोजी, एकाहत्तरावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले असताना, मिलवॉकीमध्ये तो वारला. त्याचं शेवटचं पेटंट त्याच्या मृत्यूनंतर १८९६ मध्ये मंजूर झालं. त्यातल्या की-बोर्डची वरची ओळ क्यूने सुरू होत नाही, एक्सने सुरू होते.

पण उशीर झाला होता. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या टाइपरायटर कंपन्या एकत्र आल्या आणि सगळ्यांनी क्वर्टीच ठेवली. हजारो मुली ती शिकून नोकरीला लागल्या होत्या. दांड्या अडकण्याचा प्रश्न पुढे संपला, दांड्याच संपल्या, तरी रचना राहिली. १९३६ मध्ये ऑगस्ट ड्वोराक याने अभ्यास करून बनवलेल्या वेगळ्या रचनेचं पेटंट घेतलं, तिलाही फारसं कोणी विचारलं नाही. यंत्र मोडलं तर दुरुस्त करता येतं, लाखो माणसांची बोटं कशी दुरुस्त करणार!

आपल्याकडेही बघा ना. मराठीचे टाइपरायटर आले, तालुक्याच्या गावी टायपिंगचे क्लास निघाले. अर्ध्या अक्षराला वेगळं बटण आणि काना वेगळा, ही सवय बोटांना लागली. १९८६ मध्ये सरकारने इन्स्क्रिप्ट नावाची सुटसुटीत रचना ठरवली, तरी कित्येक डी.टी.पी. वाले कॉम्प्युटरवरही जुनीच रचना मागत राहिले. तिचं नाव काय? रेमिंग्टन! इलियनच्या बंदुकीच्या कारखान्याचं नाव असं आपल्या देवनागरीत येऊन बसलं.

एडिटरमध्ये शोल्स

कॉम्प्युटरवाल्या मुलांनी तर शोल्सला रोज नमस्कार करायला हवा. व्हीआय एडिटरमध्ये कर्सर हलवायला एच, जे, के, एल ही बटणं का? १९७६ च्या सुमारास बिल जॉय याने तो लिहिला. त्याच्या टर्मिनलवर बाण याच चार बटणांवर छापलेले होते. आणि ही चार बटणं एकमेकांशेजारी का? कारण शोल्सच्या जुन्या बाराखडीचा तो तुकडा कोणी हलवलाच नाही.

दुसरं, कॅरेजची ती एक-एक घर चाल. आय असो की डब्ल्यू, प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. प्रोग्रॅमिंगचे फाँट आजही तसेच असतात, आणि त्यावर एक आख्खी टेस्ट उभी आहे. आपला एडिटर कीवर्ड एका रंगात, स्ट्रिंग दुसऱ्या रंगात, कॉमेंट तिसऱ्या रंगात दाखवतो. हे रंगांचे नियम कोणीतरी लिहिलेले असतात, आणि एक नियम सुधारला की दुसरा बिघडतो. म्हणून त्यांच्याही टेस्ट लिहितात. सब्लाईम टेक्स्टमध्ये पद्धत अशी, की नमुन्याच्या ओळीखाली एक कॉमेंटची ओळ लिहायची आणि ज्या शब्दाचा रंग तपासायचा त्याच्या बरोबर खाली, प्रत्येक अक्षराखाली एक, अशा ^ या टोपीच्या खुणा द्यायच्या. पुढे तो शब्द काय ओळखला जायला हवा ते लिहायचं. सगळी अक्षरं सारख्या रुंदीची, म्हणूनच वरचं अक्षर आणि खालची टोपी जुळतात. ही शोल्सच्या कॅरेजचीच देणगी.

पण लिहायला हे काम फार किचकट. समजा ओळ चार स्पेस आत सुरू होते आणि शब्द आहे रिटर्न. मग कॉमेंटच्या दोन तिरक्या रेघा, दोन स्पेस, सहा टोप्या, म्हणजे दहा वेळा बटण, त्यात टोपीसाठी शिफ्ट दाबून धरायचं. एक स्पेस कमी पडली की टेस्ट चुकीच्या अक्षरावर. अशा शंभर ओळी लिहायच्या असतील तर माणूस कंटाळून टेस्टच लिहायचं सोडतो! म्हणून कॉमेंटची सुरुवात आपोआप टाकणारे, वरच्या शब्दाच्या रुंदीएवढ्या टोप्या एका दाबात देणारे शॉर्टकट करावेसे वाटतात. पानांवर आकडे छापणाऱ्या शोल्सने जे केलं तेच हे. कंटाळवाणं काम बटणावर टाकायचं.

फक्त असा शॉर्टकट बनवणाऱ्याने क्लेफेनची आठवण ठेवावी. कुठलं बटण कुठल्या कामाला द्यायचं हे एकट्याने ठरवून मोकळं होऊ नये. आधी चार जणांना वापरायला द्यावं. एकाच्या हातून ते बटण चुकून दाबलं जाईल, दुसऱ्याचं तेच बटण आधीच दुसऱ्या कामाला असेल, तिसऱ्याचा हात तिथवर पोचणारच नाही. ही यादी पहिल्या आठवड्यात मिळाली तर बदल पाच मिनिटांचा. दोन वर्षांनी मिळाली तर वापरणाऱ्यांची बोटं तयार झालेली असतात, आणि मग शोल्ससारखं नवं पेटंट काढूनही उपयोग नाही.

शोल्सला मिलवॉकीच्या फॉरेस्ट होम स्मशानभूमीत पुरलं. बरीच वर्षं त्याच्या थडग्यावर साजेसा दगडही नव्हता. शेवटी तो बसवण्यासाठी शॉर्टहँड रिपोर्टरांनी पैसे गोळा केले, आणि त्यात पुढे होता म्हातारा झालेला चार्ल्स वेलर, पहिल्या यंत्रांपैकी एक वापरून पाहणारा तोच तरुण. कंपन्यांनी पैसा मिळवला, पण आठवण ठेवली ती यंत्र बडवून बडवून त्याच्या चुका सांगणाऱ्यांनी.

तेव्हा मित्रांनो, यंदाचा प्रोजेक्ट डेमोच्या आदल्या रात्री नको, महिनाभर आधीच शेजारच्या रूममधल्या सगळ्यात खवचट मुलाच्या हातात द्या. तो मोडेल, हसेल, यादी देईल. राग आला तरी ती यादी फाडू नका.